लग्नाचा वाढदिवस, जपानी ग्रिल आणि फसलेलं जेवण: नेमकं बिघडतं कुठं?

गोदाकाठ (धागाकर्ता)
लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण संभाजीनगरातल्या एका जपानी ग्रिलमध्ये झालं. जाड लोखंडी पत्रा, अलीकडं गिऱ्हाईक, पलीकडून आचारी उलथनी वाजवत शिजवतो, तो प्रकार. हॉटेलचं नाव लिहीत नाही, प्रतिसादांतही अंदाज बांधू नयेत ही विनंती. भांडण काढायचं नाही, कारणं समजून घ्यायची आहेत.
चिकन पांढुरकं होतं आणि त्याच्याखाली पाणी साचलेलं. कोळंबी रबरी. भाताचा लगदा. सगळ्याला एकच सॉस, गोड आणि मागून कडवट. चिकन येईपर्यंत भाज्या गार. कांद्याच्या चकत्या रचून पेटवतात तो ज्वालामुखी मात्र झकास पेटला.
प्रश्न असा की यात आचारी चुकला, माल चुकला, की आपली अपेक्षाच? आणि टेबल बुक करायच्या आधी हे ओळखायचं कसं?

मालदांडी
ज्वालामुखी पेटला म्हणता, मग पैसे वसूल की वो! फटाक्यांना काय कमी पैसे पडतात?

तवा_तापला
पाणी सुटलेलं चिकन म्हणजे पत्रा गार. पहिला संशय तिथंच घ्या.
हा पत्रा साधारण १५ ते २० मिलिमीटर जाड असतो. घरचा पोळीचा तवा तीन-चार मिलिमीटरचा. जाडी एवढ्यासाठी की लोखंडात उष्णता साठून राहावी आणि गार मांस टाकलं तरी तापमान कोसळू नये. पण साठा भरायला वेळ लागतो. बर्नर पेटवल्यापासून पत्रा नीट तापायला वीस ते तीस मिनिटं धरा. संध्याकाळी पहिलंच टेबल असेल आणि आचाऱ्यानं गिऱ्हाईक आल्यावर गॅस लावला, तर पहिली तुकडी फसलीच.
बर्नर बहुधा मधोमध असतो. मध्यभाग २२० अंशांच्या आसपास, कडा त्याहून खूप थंड. ही सोय आहे, दोष नाही: मध्ये भाजायचं, कडेला गरम ठेवायचं. मांस तपकिरी व्हायला पृष्ठभाग निदान १४० अंशांच्या वर जावा लागतो. तुकड्याखाली पाणी असेल तोवर तो शंभराच्या पुढं सरकत नाही, म्हणजे चिकन भाजत नाही, उकडतं. तुमचा पांढुरका रंग तिथून आला.
पाणी येतं दोन कारणांनी. एक, गोठवलेलं चिकन पुरतं सुटायच्या आत कापून टाकलं. किलोभर बोनलेस फ्रीजमध्ये ४ अंशांवर सुटायला आदली रात्र लागते. ऐनवेळी पाण्याखाली धरून काढलेलं चिकन बाहेरून मऊ, आतून बर्फ. दोन, आठ जणांचं चिकन एकदम पसरलं. तुकड्या-तुकड्यात बोटभर जागा नसली की वाफ अडकते.
समोर बसल्या बसल्या परीक्षा करायची तर कान द्या. चिकन टाकल्यावर चर्र आवाज आला आणि तो तसाच टिकला तर ठीक. अर्ध्या मिनिटात चर्रची बुडबुड झाली की समजा, आता रस्सा खायचाय.

सिडको_एन७
तवाभाऊ, इन्फ्रारेड थर्मामीटर मारला की कळेल ना लगेच?

तवा_तापला
चकचकीत घासलेल्या पोलादावर तो फसवतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. तेलाचा काळपट थर बसलेल्या जागेवर मारा, तिथं बरोबर येतो. नाहीतर पाण्याचा थेंब टाका. फसफसून जागीच आटला तर पत्रा अजून तापायचा आहे. गोळी होऊन पळायला लागला तर दोनशेच्या आसपास पोचला. हॉटेलात मात्र स्वतः थेंब टाकू नका, उचलून बाहेर ठेवतील.

बाभळीचा_कोळसा
मूळ गोंधळ वेगळाच आहे. 'जपानी ग्रिल' या पाटीखाली आपल्याकडं तीन निरनिराळे प्रकार विकतात. लोखंडी पत्र्यावरचं तेप्पान्याकी. टेबलातल्या जाळीवर गिऱ्हाईकानं स्वतः भाजायचं याकिनिकू. आणि निखाऱ्यावरचे रोबाता किंवा काडीला ओवलेल्या चिकनचं याकितोरी. तिन्हींची चव वेगळी, बिघडायची कारणंही वेगळी. धागाकर्त्यांनी खाल्लं ते पहिलं. कोबे शहरातलं मिसोनो हे हॉटेल १९४५ च्या सुमारास पत्र्यावर मांस भाजून द्यायला लागलं आणि पद्धत तिथून रुळली असं मानतात. उलथन्यांची जुगलबंदी, उडती कोळंबी, ज्वालामुखी हा तमाशा मात्र अमेरिकी. रॉकी आओकी यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला बेनिहाना हे हॉटेल काढलं तेव्हापासूनचा. भारतात आलं ते बहुतेक हेच अमेरिकी रूप. त्यामुळं 'अस्सल जपानी नव्हतं' ही तक्रार करू नका, ते तसं नसतंच. चिकनची तक्रार जरूर करा.

लातूरची_डाळ
याला एक जोड. पत्र्याची ही पद्धत चरबीदार गोमांसाभोवती बांधलेली आहे. चरबी भरपूर असली की मिनिटभर इकडंतिकडं झालं तरी घास कोरडा पडत नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानं गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली, म्हणजे इथल्या पत्र्यावरून तो मुख्य गडीच उठला. उरले चिकन, कोळंबी, मासा, पनीर. यातलं काहीच चूक माफ करत नाही. त्यात बरेच मालक स्वस्तात पडतो, दिसतो छान म्हणून चिकनचा छातीचा भाग घेतात. तो ७४ अंशांना शिजतो आणि ८० च्या पुढं भुसा होतो. मांडीचं बोनलेस घेतलं तर निदान दोन-तीन मिनिटांची सूट मिळते. बुकिंग करताना 'चिकन लेग बोनलेस आहे का ब्रेस्ट' एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की माणूस खाऊन आलेला आहे.

पैठणची_लेक
मूळ प्रश्न बाजूला राहू द्या, मला एक सांगा: वाढदिवसाला पैठणी नेसून कुणी त्या पत्र्यासमोर बसवलं का वहिनींना? ज्वालामुखीत कांद्याच्या चकत्या रचून तेल ओततात, मग दारू शिंपडून पेटवतात. तेलाचे शिंतोडे सहज दीड-दोन फूट येतात. रेशमावर पडलेलं तेल पाण्यानं पुसू नये, डाग पसरतो. लगेच कोरडी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी दाबून ठेवायची, तासाभरानं झटकायची, मग ड्रायक्लीन. जरीवर चोळायचं नाही. आणि वास? वरचा एक्झॉस्ट कमजोर असेल तर रेशीम तो वास आठवडाभर सोडत नाही. आत शिरताच डोळे चुरचुरले तर टेबल बदलून मागा.

मालदांडी
ताई, जरीवर तेप्पान्याकी! हसून हसून पुरेवाट.

गोदाकाठ
पैठणी नव्हती. सुती होती. वाचलो.

माळकरी_परभणी
शाकाहाऱ्यांचं कुणी बोलायलं नाही म्हणून लिहितो. अशा ठिकाणी शाकाहारी पान मागवणाऱ्यांनी फक्त 'चिकन नको' म्हणून भागत नाही. मिसो सूपाचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असतो आणि दाशी बहुतेक वेळा बोनिटो माशाच्या वाळवलेल्या पापुद्र्यांची. मिसो स्वतः सोयाबीनचं, त्यात अडचण नाही, पण पाणी माशाचं. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूम यांची दाशी शाकाहारी असते. ती करतात का, हे नेमक्या शब्दांत विचारा. 'व्हेज सूप आहे का' विचारलं की उत्तर 'हो सर' असंच येणार. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. जपानी मेयोनीजमध्ये अंड्याचा बलक.
आणि पत्रा तर एकच. कोळंबी काढून त्याच जागेवर खरवडून पनीर टाकलं की झालं व्हेज. वेगळा पत्रा, वेगळी उलथनी नसेल तर स्वयंपाकघरात तव्यावर करून आणायला सांगा. तमाशा बुडेल, पण व्रत राहील.

शिवना_तीर
चांगली माहिती, माळकरी काका. वाचनखूण साठवली.

सिडको_एन७
सगळं खापर पत्र्यावर फोडू नका राव. तेप्पान्याकीचं टेबल साधारण आठ जणांचं असतं, आचारी एक. दोघांचं बुकिंग असेल तर बाकी सहा खुर्च्यांवर अनोळखी लोक येणार आणि सगळे जमेपर्यंत पत्रा सुरू होणार नाही. एकाला कोळंबी हवी, दुसऱ्याला कांदा नको, तिसऱ्याचं पोरगं फक्त भात खातं. आचारी सोपा मार्ग काढतो: भाज्या सगळ्यांच्या आधी एकदम भाजून कडेला सरकवायच्या. चिकन होईपर्यंत त्या गार आणि लिबलिबीत. धागाकर्त्यांची पाचवी तक्रार यातूनच आलेली आहे. चुकीचं टेबल आणि चुकीची वेळ. शनिवारी रात्री नवाला गेलात तर जगातला कुठलाही आचारी असंच देणार.

तवा_तापला
अर्धं मान्य. भाज्यांना मात्र गर्दीचं कारण चालत नाही. मशरूम आणि मोड आलेली कडधान्यं पाणी सोडतात, ती कांदा-ढोबळी मिरचीत मिसळली की सगळंच भिजतं. वेगळ्या कोपऱ्यात, जास्त आचेवर, शेवटी मीठ. हे आठ जणांसाठीही करता येतं. होत नाही ते आळसानं.

नाथसागर
कोळंबीचं मी सांगतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही, मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे हॉटेलात येते ती बहुतेक गोठवलेली. गोठवलेली वाईट नसते, उलट बर्फात तीन दिवस लोळलेल्या 'ताजी'पेक्षा बरी. पण दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, बर्फाचा थर. सुटी गोठवलेली कोळंबी पाण्याच्या पातळ थरात येते, वजनात तोही मोजला जातो आणि पत्र्यावर तोच सुटतो. दुसरी, फॉस्फेट. वजन टिकावं म्हणून काही माल सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात बुडवतात. अशी कोळंबी कच्ची असतानाच काचेसारखी दिसते, शिजल्यावर दाताखाली टणटण उडते आणि चवीला काहीच नाही. रबरीपणा आचारी आणि माल दोघांकडूनही येऊ शकतो. फरक आकारावरून ओळखा: इंग्रजी सी सारखी वळलेली असेल तर शिजणं बरोबर, दोष मालाचा. शेपूट डोक्याला टेकून पूर्ण वेटोळं झालं असेल तर जास्त शिजली. मध्यम कोळंबीला तापल्या पत्र्यावर एका बाजूला दीड मिनिट, दुसऱ्या बाजूला त्याहून कमी. बस.
जायकवाडीचा ताजा रोहू का देत नाहीत असं दर वेळी कुणीतरी विचारतं. त्याच्या मांसात बारीक वाय आकाराचे काटे असतात. पत्र्यावर फिलेट म्हणून दिला तर वाढदिवस दवाखान्यात.

गुलभेंडी
एवढ्या पैशात माणशी हुरडा, गूळ, लसणाची चटणी, दही आणि वर शेंगा येतील. आगटीवर भाजणारा माणूसही समोरच बसलेला असतो. लाइव्ह किचनच ते.

मालदांडी
गुलभेंडीकडून दुसरं काय येणार! पण लग्नाचा वाढदिवस जूनमध्ये असला तर हुरडा कुठून आणायचा बाप्पा?

लातूरची_डाळ
विषयावर या. भाताचं राहिलं. पत्र्यावरच्या परतलेल्या भाताला भात आधीचा, गार आणि सुटा लागतो. पाणी नेहमीपेक्षा दहा टक्के कमी, शिजल्यावर परातीत पातळ पसरायचा, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. बाहेर ठेवायचा नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियसचे बीजाणू जिवंत राहतात, उबेत वाढतात आणि त्यांचं विष परतल्यानं जात नाही. हॉटेलात दुपारचा भात ओट्यावर झाकून ठेवतात ही चवीपेक्षा मोठी काळजीची गोष्ट.
लगदा होतो कारण भात त्याच वेळी शिजवून गरम टाकला, वर सॉस थेट भातावर ओतला. सॉस पत्र्यावर ओतायचा, तो खदखदला की भात त्यात ओढायचा. लसूण-लोणी शेवटच्या अर्ध्या मिनिटात. लसणाचे काप खरपूस हवेत तर गार तेलात टाकून मंद आचेवर तापवत न्यायचे, फिकट सोनेरी झाले की काढायचे. बाहेर काढल्यावरही रंग चढतो. तपकिरी होईपर्यंत थांबलात तर कडू.

बाभळीचा_कोळसा
सॉसच्या कडवटपणालाही हेच, फक्त इथं साखर जळते. तेरियाकी या गोडसर सॉसचं साधं माप म्हणजे सोया, मिरिन (तांदळाची गोड दारू) आणि साके (तांदळाची दारू) समान, साखर त्यांच्यातल्या एकाच्या निम्मी. मंद आचेवर चमच्याला लेप बसेपर्यंत आटवायचं. मिरिनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि ती महाग पडते, म्हणून आपल्याकडं बरेच जण साखर आणि व्हिनेगर मारतात. त्यातून मंच्युरियनची चव येते. सोयाही चायनीजच्या गाडीवरचा काळा, कॅरॅमलचा रंग घातलेला. तुमचा 'सगळ्याला एकच सॉस' बहुधा हा होता. आणि तो चिकन अर्धकच्चं असतानाच ओतला असणार. सॉस शेवटच्या मिनिटात लागतो. आधी ओतला की साखर पत्र्याला चिकटून काळी होते आणि पुढच्या प्रत्येक पदार्थाला तो कडूपणा लागत जातो. दोन पदार्थांच्या मध्ये आचारी पत्रा खरवडून, पाणी मारून, पुसतो का, एवढं बघा.

अंबाजोगाईकर
पण कोळशावरचं याकितोरी घरी करता येईल का? बिनचोतान कोळसा म्हणे हजारो रुपये किलो.

बाभळीचा_कोळसा
बिनचोतान वाकायामा भागातल्या उबामे ओकचा, धूर जवळजवळ नाही, ज्वाळा नाही, तास न् तास एकसारखा निखारा. पेटायलाच अर्धा तास घेतो. आपल्याकडं बाभळीचा घट्ट लाकडी कोळसा चांगलं काम करतो. ओलसर असेल तर ठिणग्या उडतात, म्हणून आधी उन्हात वाळवा. दाबून केलेल्या विटा टाळा, त्यातल्या चिकट द्रव्याचा वास मांसाला लागतो. पांढरी राख चढल्यावरच काड्या ठेवायच्या. एका काडीला तीस-चाळीस ग्रॅम मांडीचं चिकन, बोटाच्या पेराएवढे तुकडे, मध्ये कांद्याची पात. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवून. आधी नुसतं मीठ, सॉस शेवटी दोनदा बुडवून.
फ्लॅटच्या बंद बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात हे अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्ची किंवा अंगण असेल तरच.

वेरूळ_रोड
बिलाचं कुणीच काढलं नाही. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. ज्या तारांकित हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० च्या वर असतं तिथल्या उपाहारगृहात १८ टक्के. आधी बघून घ्या, दोघांच्या बिलात चांगला फरक पडतो. सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. काढायला सांगायचं, नाही काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण चिकन बेचव होतं यासाठी १९१५ ला फोन करू नका.
कच्चं वाटलं तर मात्र तिथंच सांगा. आचारी समोर उभा असतो, पत्रा तापलेला असतो, परत टाकायला दोन मिनिटं. अर्धं खाऊन घरी जाऊन एक तारा देण्यात कुणाचंच भलं नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. म्हणजे आचारी, माल, वेळ तिन्ही. मग पुढच्या वेळी फोनवर नेमकं विचारायचं काय? आणि घरीच करायचं ठरवलं तर?

सिडको_एन७
दोघंच असाल तर आधी विचारा की टेबल सामाईक आहे का. सामाईक असेल तर सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसातची वेळ मागा: पत्रा तापलेला, आचारी ताजा, गर्दी नाही. आचारी समोर शिजवणार की स्वयंपाकघरातून ताटं येणार, हेही. काही ठिकाणी फोटोत पत्रा असतो, तो चालू असतो फक्त वीकेंडला.

लातूरची_डाळ
भाज्या मांसाबरोबर ताटात येतील असं सांगा, आधी नकोत. सॉस वेगळ्या वाटीत मागा. चिकनचा भाग विचारा. कोळंबीवर भरवसा नसेल तर मागवूच नका, त्या पैशात मशरूम-टोफूचं पान घ्या. टोफू पाणी दाबून काढलेला असेल तर पत्र्यावर फार सुंदर होतो, आणि बिघडला तरी रबर होत नाही.

तवा_तापला
घरी करायचं तर बिडाचा जड तवा, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तापवलेला. नॉनस्टिक नको, एवढ्या आचेला त्याचा थर खराब होतो. दोघांना चारशे ग्रॅम मांडीचं बोनलेस कातडीसकट, दोन हप्त्यांत. कागदानं कोरडं पुसायचं. मीठ एकतर पाऊण तास आधी लावा नाहीतर तव्यावर टाकताना. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत लावलं तर पाणी वर येऊन थांबतं आणि तेच तव्यावर सुटतं. कातडीची बाजू खाली, वरून जड भांडं, पाच मिनिटं हलवायचं नाही. उलटून तीन-चार मिनिटं. पाच मिनिटं बाजूला ठेवून मग कापायचं.
क्रम असा: लसणाचे काप, ते काढले की त्याच तेलात भाज्या दोन मिनिटं, मग चिकन, शेवटी सॉस, आणि तव्याला जे चिकटून राहिलं त्यावर गार भात. चिकन आराम करत असताना भात होतो, भाज्या गरम ताटलीत झाकून.

अंबाजोगाईकर
बिडाच्या तव्यावर सॉस चिकटला तर घासायचा कसा?

तवा_तापला
तवा गरम असतानाच कोमट पाणी शिंपडा, लाकडी उलथन्यानं खरवडा. गार पाणी नको, बीड तडकतं. हट्टी डागाला जाडं मीठ आणि अर्धा बटाटा. मग आचेवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवा.